दंड सरकारजमा, मनस्ताप आमचा!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. "काकू, ब्लॉग झोपला का?" असा पुतण्याचा फोनही येऊन गेला. झोपला नव्हता, मीच एका भानगडीत अडकले होते.

झालं असं, की माझ्या नातीला एक फोन आला. समोरच्याने तिचा आसनक्रमांक, आईचं नाव, खातं कुठल्या बँकेत आहे, सगळं बिनचूक सांगितलं. "शिष्यवृत्ती जमा करायची आहे, ओटीपी सांगा." एवढं ठाऊक असलेला माणूस विद्यापीठाचाच असणार, असं पोरीला वाटलं. बारा हजार गेले! विद्यापीठातून मुलांची माहिती बाहेर फुटली होती, हे पुढे मुलांच्याच व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळलं. विद्यापीठाने चकार शब्द काढला नव्हता.

घरात सगळे तिलाच बोलले. मीही बोलले, खोटं कशाला सांगू?

लेखी अर्ज घेऊन गेलो, तर उत्तर मिळालं, "आमच्याकडच्या माहितीमुळेच पैसे गेले, याला पुरावा काय?"

मंडळी, मी पस्तीस वर्षं शाळेत होते. जनरल रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप. रजिस्टर हरवलं तर जाब किल्लीवाल्याला. पालकांकडे पुरावा मागायची आमची छाती झाली नसती. आणि इथे तर माहिती दिल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही. सक्तीने घेता, मग सक्तीने सांभाळा की!

मग मी कायदा वाचायला घेतला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३अ आलं. निष्काळजीपणे माहिती सांभाळल्यामुळे नुकसान झालं, तर भरपाई. दावा पाच कोटींपर्यंत असेल तर तो राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, वकिलाशिवायही मांडता येतो. पण कलम आहे कंपन्या आणि व्यवसाय करणाऱ्या संस्थांसाठी. 'आम्ही त्यात बसत नाही' म्हणायला सरकारी विद्यापीठ मोकळं! ग्राहक मंचात जावं, तर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे असं सांगून ठेवलं आहे. उरतं उच्च न्यायालय. २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, म्हणून रिट करता येते. बारा हजारांसाठी कोण करणार?

आता २०२३ चा नवा डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला विनाविलंब कळवायचं, ही सक्ती त्यात आहे. चांगलीच आहे, असं पत्र हातात असतं तर पुराव्याचा प्रश्न निम्मा सुटला असता. दंडही अडीचशे कोटींपर्यंत. पण तो जाणार भारताच्या संचित निधीत, आणि त्याच कायद्याने कलम ४३अ रद्द व्हायचं आहे! म्हणजे नातीला भरपाई मागायची जी अर्धीमुर्धी वाट होती, तीही बंद. उलट खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड!

इंग्लंडमधलं ग्रीनिच विद्यापीठ पाहा. २००४ साली एका विभागाने परिषदेसाठी संकेतस्थळ काढलं आणि ते तसंच उघडं राहिलं. त्यातून सुमारे साडेएकोणीस हजार जणांची माहिती गेली. 'विभागाने परस्पर केलं' हे चाललं नाही. २०१८ मध्ये एक लाख वीस हजार पौंड दंड झाला. तिथेही दंड सरकारजमाच. पण तिथे ज्याची माहिती गेली त्याला स्वतः न्यायालयात भरपाई मागता येते, पैशाच्या नुकसानीचीच नव्हे, मनस्तापाचीही.

कोणी म्हणेल, सरकारी विद्यापीठाकडे पैसा कुठला? अहो, एसटीची धडक बसली तर भरपाई द्यावीच लागते ना? सरकारी म्हणून ती सुटत नाही. माझी मागणी एवढीच: दंड घ्या, पण त्यातला वाटा ज्याचं नुकसान झालं त्याला द्या. आणि पुराव्याचं ओझं किल्लीवाल्यावर टाका.

तोवर आपण काय करायचं? पैसे गेले की त्याच क्षणी १९३० वर फोन, मग पोलीस तक्रार. बँकेला लेखी कळवा. विद्यापीठाला अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्याच. ४३अ जिवंत आहे तोवर सचिवांकडे अर्ज करून बघा. फेटाळला तरी नोंद राहते. आम्ही केला आहे.

आणि हो, नातीची मी माफी मागितली. चूक तिची नव्हती. विद्यापीठाकडून असं वाक्य केव्हा येतं, त्याची वाट बघते आहे.