धुरा आणि सही

मोठ्या प्रकल्पाची धुरा कुणाकडे द्यायची, असा प्रश्न आला की सरकारी कचेरीत सेवाज्येष्ठतेची यादी निघते आणि कंपनीत मुलाखती सुरू होतात. उमेदवारही त्याच हिशेबानं चालतो : आधी पद मिळू दे, मग काम दाखवतो. माझ्या मते धुरा मिळायला हवी ती कामाची खडान्‌खडा माहिती असणाऱ्याला आणि त्याचा जाब द्यायला आधीपासून तयार असणाऱ्याला. आणि धुरेसोबत सहीचा अधिकार आला नाही, तर ती नुसती हमाली ठरते. या दोन्ही गोष्टींचा पुरावा गडचिरोलीच्या जंगलात सापडतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून गावात अभ्यासगट चालत होते. कायदे समजून घ्यायचे, त्यावर वाद घालायचा आणि ग्रामसभेत बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं ठरवायचं, अशी रीत पडली होती. जंगल राखण्याचं कामही गावानं हक्काच्या कागदाची वाट न पाहता अंगावर घेतलं होतं. त्यामुळे हक्क आला तेव्हा व्यवस्थापन कसं करायचं, हे नव्यानं शिकायचं नव्हतं. तरीही घोडं अडलं ते एका छोट्याशा परवान्यापाशी. जंगलातला बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना, म्हणजे टीपी लागते. तेव्हा ती द्यायचं वनखातं. टीपी नसलेला माल नाक्यावर अडतो आणि जप्तीच्या भीतीनं व्यापारी हात लावत नाही. बांबू गावाचा, पण विकायची सोय नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी असे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे सोपवला. मेंढ्याच्या हाती कारभार खऱ्या अर्थानं आला तो २०११ मध्ये. २००९ मध्ये आला होता तो हक्काचा कागद.

यावर कुणी म्हणेल, बांबूचं ठीक आहे, जिवाशी गाठ असलेली कामं तज्ज्ञांकडेच हवीत. त्याचंही उत्तर याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांवर सोपवलं. बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शनही देणं, हे सगळं त्या करत. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचं प्रमाण तिथे २५.५ होतं, तर तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ५९.६. तज्ज्ञ बाजूला गेले नव्हते. प्रशिक्षण आणि देखरेख त्यांचीच होती, पण बाळाच्या उशाशी निर्णय घेणारी बाई गावातली होती. इंजेक्शनची परवानगी तिला दिली नसती, तर हे आकडे दिसले असते का?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आधी काम करा, पद नंतर बघू, हा तर राबवून घेण्याचा जुनाच मार्ग आहे. हे खरं आहे. देशभरच्या आशा कार्यकर्त्यांवर कामांचा डोंगर आहे, पण कागदोपत्री त्या स्वयंसेविका आणि हाती पगाराऐवजी कामागणिक मोबदला. म्हणूनच तयारीची जबाबदारी उमेदवारावर टाकली, की अधिकार देण्याची मुदत वरिष्ठांवर टाकायला हवी. प्रकल्पाची धुरा स्वीकारणाऱ्यानं पहिल्याच बैठकीत विचारावं, की खर्च कोण मंजूर करणार, माणसं कोण निवडणार आणि चुकलं तर जाब कोण देणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘तुम्ही’ आणि पहिल्या दोनांचं ‘साहेब’ असेल, तर तशा नियुक्तीपत्राला होकार देण्याची घाई करू नये.