वैशाखातले लग्न, मृगाची पेरणी

आमचा दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी खारे, ओलिताला चालत नाही. वर्षाची बहुतेक भिस्त पावसावर आणि खरिपाच्या पिकावर. लग्ने मात्र उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये गावोगाव मांडव पडतात आणि जूनमध्ये मृग लागला की कपाशी-सोयाबीनचे बियाणे, खत, मजुरी, सगळ्यालाच पैसा लागतो. ज्या दिवसांत पैसा राखून ठेवायचा, त्याच दिवसांत आपण तो उधळून बसतो. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. हाताखालून गेलेल्या कितीतरी मुलींच्या लग्नांना गेले, आणि त्यांच्या वडलांचे जूनमधले चेहरेही पाहिले. म्हणून स्पष्ट लिहिते: आपल्याकडे घराचे समाधान सगळ्यात आधी लग्नाच्या खर्चात जाते.

पीककर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज पडत नाही. सवलतीची अट एकच, मुदतीत परतफेड. पेरणीचा पैसा कार्यालयाच्या भाड्यात आणि डीजेत गेला की मुदत चुकते, सवलत जाते, पुढच्या हंगामाला सोसायटी दारात उभी करत नाही आणि माणूस सावकाराकडे वळतो. सावकाराचे व्याज पावसाची वाट पाहत नाही.

कोणी म्हणेल, मॅडम, हौसेला मोल नसते, लग्न एकदाच होते. हौस मलाही कळते. माझ्या लहानपणी गावातले लग्न म्हणजे साऱ्या आळीचे काम असे. बैलगाडीतून मांडवाची लाकडे यायची, मांडव गावची पोरे घालायची. भांडी देवळातून, सतरंज्या शेजारून. आदल्या रात्री बाया विळ्या घेऊन वांगी चिरायला बसत, आणि त्या चिरण्यातच रात्रभर गाणी होत. पंगतीला वरण, भात, पोळी, आलू-वांग्याची रस्सा भाजी, बुंदी आणि मठ्ठा. वाढणारे घरचेच, त्यामुळे कोण उपाशी उठले ते लगेच कळे. खर्च कमी होता, कारण पैशाच्या जागी माणसे होती. आता भाजी चिरायला केटररची माणसे, वाढायलाही तीच, मेंदीला वेगळी, फुलांना वेगळी. लग्नाआधीच्या फोटोंसाठी गाडी करून दूर जायचे, हळदीला साऱ्या घराने पिवळे नवे कपडे शिवायचे, वर ड्रोन फिरवायचा. शेजारची काकू मात्र पाहुण्यासारखी येते, लिफाफा देते, ताट घेऊन कोपऱ्यात उभ्याने जेवते आणि निघून जाते. पैसा वाढला तशी तिची गरज उरली नाही, हे मला फार लागते.

जुने सारेच चांगले होते, असे मी म्हणणार नाही. त्याच मांडवात हुंडा मोजला जायचा. १९६१ साली त्याविरुद्ध कायदा झाला, तरी गाडी, फ्लॅट, सोने अशा नावांनी तो अजून चालतो. मानपानावरून रुसलेले व्याही मी पाहिले आहेत. जुन्यातले घ्यायचे ते हात लावणारे शेजारी आणि ऐपतीतला खर्च, एवढेच.

हे सांगणारा थोर माणूस आमच्याच जिल्ह्यातला. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा. अंगावर चिंध्या, हातात खापर आणि खराटा. ऋण काढून सण-लग्ने करू नका, तो पैसा पोरांच्या शाळेला लावा, हे त्यांनी कीर्तनाकीर्तनांतून सांगितले. लोकांनी त्यांच्याकडे दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः मात्र ते अखेरपर्यंत मागून आणलेल्या भाकरीवर राहिले. १९५६ साली वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले. मुंबईला टाटा रुग्णालयात उपचाराला जाणारी आमच्याकडची माणसे आज दादरला त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत उतरतात. आपण त्यांच्या नावाने गावात स्वच्छता करतो, पुतळ्याला हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी कर्जाच्या कागदावर सही करून बस्ता बांधायला जातो. हे मला पटत नाही.

माझ्या मुलीचे लग्न आम्ही नोंदणी पद्धतीने केले. विशेष विवाह कायद्यात आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि सहीला तीन साक्षीदार लागतात. बाकी थाटाची गरज नाही. साक्षीला तिची मावशी, जावयाचा मित्र आणि आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. संध्याकाळी अंगणात पंगत बसवली. वांगी चिरायला शेजारणी आल्या, आणि त्यांना बोलवावे लागले नाही. काही नातलग नाराज झाले, एक घर तर दोन वर्षे आले नाही. ते दुःख खरे होते. पण लग्नानंतर काही महिन्यांतच जावयाची नोकरी गेली, तेव्हा दोघांच्या डोक्यावर कुठलाच हप्ता नव्हता. दुसरे काम मिळेपर्यंत त्यांनी भाड्याची खोली सोडली नाही, कोणापुढे हात पसरला नाही. मुलगी फोनवर नेहमीच्याच आवाजात बोलायची. आईला आवाजावरून कळते. तिच्या रुखवतात मी काहीही मांडले असते, तरी मला एवढे समाधान मिळाले नसते.

येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी कार्यालयाचा इसार देण्याआधी दोन्हीकडच्या माणसांची एक बैठक घ्यावी. बियाणे-खताचा पैसा आधी बाजूला काढून उरलेला आकडा कागदावर लिहावा आणि त्या बैठकीत मुलाला आणि मुलीला बसवावे. आमच्याकडे अशा बैठकीत मुलगी चहाचा ट्रे घेऊन येते आणि आत निघून जाते. तिला खुर्ची द्या. संसार तिला करायचा आहे, आणि कर्जाचा आकडा तिला लग्नानंतर कळतो.