वर्णाचा रकाना आणि चेहऱ्यावरची सुई



हिंगोलीत बौद्ध वधू-वर परिचय मेळावा होता. व्यासपीठावर तथागतांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, सुरुवातीला त्रिशरण-पंचशील. सगळं रीतसर. मग नोंदणीचा फॉर्म हातात आला. नाव, शिक्षण, नोकरी, उंची आणि त्याखाली एक रकाना : 'वर्ण'. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, यापैकी एकावर खूण करायची.

ज्यांच्या आजा-पणज्यांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृतीची होळी पाहिली, त्यांची नातवंडं हिंगोलीत वर्णाच्या रकान्यात खूण करत होती. कुणाला काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात आम्हालाही खटकलं नाही.

आमच्या अभ्यासवर्गातली एक बहीण त्या मेळाव्यात होती. वय ३१. एम.ए., बी.एड., तासिका तत्त्वावर शिकवते. आई वसमत तालुक्यात रोजमजुरी करते. दोन ठिकाणांहून नकार आला, आणि निरोप एकच : मुलगी थोराड दिसते. मावशी म्हणाली, गाल बसलेत गं तुझे, चेहरा उतरलाय. ही बहीण एका मोठ्या शहरात गेली आणि कपाळात व गालांत इंजेक्शनं घेऊन आली. पैसे आईच्या नावावर बचत गटातून उचलले होते, ३० हजार. कपाळावरची आठी चार महिन्यांत परत आली. हप्ता दीड वर्ष चालला.

आम्ही तिला दोष द्यायला बसलेलो नाही. ज्यांना दोष द्यायचा आहे त्यांची यादी लांब आहे, आणि त्या यादीत आम्हीही आहोत.

या सुईत असतं काय?

आधी वस्तू समजून घेऊ, म्हणजे भीतीही जाईल आणि भुरळही. इंजेक्शनं मुख्यतः दोन तऱ्हेची. पहिलं बोटुलिनम टॉक्सिन, ज्याला लोक बोटॉक्स म्हणतात. हे एका जिवाणूचं विष आहे. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. अगदी थोड्या प्रमाणात कपाळात टोचलं की तिथला स्नायू सैल पडतो आणि आठी दिसेनाशी होते. तीन-चार महिन्यांत निरोप पुन्हा पोहोचू लागतो, आठी परत येते, गिऱ्हाईकही परत येतं.

दुसरं फिलर. बसलेल्या गालात, डोळ्यांखालच्या खळग्यात भर घालणारी जेल. बहुतेक वेळा ती हायल्युरॉनिक ॲसिडची असते. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो. ही भरही साधारणपणे काही महिन्यांत ते वर्ष-दीड वर्षात विरत जाते.

म्हणजे एकदा घेऊन संपलं, असा हा सौदा नाही. हे चेहऱ्याचं भाडं आहे. भरलं तोवर चेहरा तुमचा, थकवलं की आरसा पुन्हा नोटीस देतो.

हे औषध आधी कुणासाठी होतं?

आता असं काही सांगतो, जे जाहिरातीत येत नाही. बोटुलिनमला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिली मंजुरी १९८९ मध्ये दिली, ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. कपाळावरच्या आठ्यांसाठीची मंजुरी २००२ ची. पक्षाघातानंतर हात आखडतो, मूठ उघडत नाही, त्यावर हे औषध चालतं. सेरेब्रल पाल्सी असलेलं लेकरू टाचा न टेकवता चवड्यांवर चालतं, त्याच्या पोटरीत हे टोचून सोबत फिजिओथेरपी केली तर पाऊल जमिनीवर टेकायला मदत होते. तिथेही परिणाम काही महिन्यांचाच, पण त्या महिन्यांत लेकरू चालायला शिकू शकतं.

तेच रसायन. एका कपाळावरची आठी मिटवतं, एका लेकराची टाच टेकवतं. सेनगावच्या किंवा औंढ्याच्या वस्तीतल्या आईला यातलं दुसरं कुणी सांगितलं का? पहिलं मात्र तिच्या मुलीच्या मोबाईलवर रोज येतं.

फिलरची गोष्ट याहून बोचरी आहे. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीग्रस्तांना मोफत औषधोपचार सुरू केला. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. या औषधांनी माणसं जगली, हे आधी मान्य करू. पण त्यातल्या स्टॅव्हुडिन नावाच्या गोळीने अनेकांच्या चेहऱ्यावरची चरबी झडायची. गाल आत जायचे, कानशिलं खोल व्हायची. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. तोवर आत गेलेले गाल हीच रोगाची ओळख झाली होती. गावात कुणी रिपोर्ट मागायची गरज उरली नाही, चेहराच रिपोर्ट झाला.

त्याच २००४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडच्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. कशासाठी? एचआयव्हीग्रस्तांच्या चेहऱ्यावरची झडलेली भर परत आणण्यासाठी. निरोगी माणसांच्या सुरकुत्यांसाठी तिथे त्याला २००९ मध्ये वाट मिळाली. म्हणजे ज्या माणसाला गल्लीत मान वर करून चालता यावं म्हणून ही सुई मंजूर झाली, त्याच्यापर्यंत ती आपल्याकडे पोहोचली नाही. पोहोचली ती लग्नाच्या पॅकेजमध्ये.

म्हणून आमचं भांडण सुईशी नाही. सुई कुणाच्या दारात जाते आणि कुणाच्या दारावरून पुढे निघून जाते, याच्याशी आहे.

चेहरा कुणाचा लवकर उतरतो?

सुरकुती वयाने येते, तशी उन्हानेही येते. हे त्वचारोगाच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे ढीग लागतात. ती हळद नवरीच्या गालाला लागते आणि गाल उजळतो म्हणतात. ती काढते कोण? उन्हात वाकून वेचते कोण? कढईच्या वाफेत उभं राहून शिजवते कोण, वाळवते कोण? दुसऱ्याचा चेहरा उजळायची हळद वेचता वेचता जिचा चेहरा रापला, तिच्या लेकीला आज सांगितलं जातं की तू थोराड दिसतेस.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडूनही ऊसतोडीला कोयते जातात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे जे आलं ते विसरू नका : ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. पिशवीबरोबर अंडाशयही गेले तर ऐन तिशीत-चाळिशीत पाळी कायमची जाते, हाडं ठिसूळ होतात, त्वचा सैल पडते. अशा बाईच्या चेहऱ्यावर वय दिसतं ते तिने स्वतःची काळजी घेतली नाही म्हणून नव्हे. खाडा नको, दंड नको, या हिशोबाने तिचं शरीर मोजलं गेलं म्हणून दिसतं. त्या चेहऱ्याला फिलर सुचवणं म्हणजे पुरावा पुसून टाकणं.

नितळ, गोरा, एकही आठी नसलेला चेहरा सुंदर का वाटतो? कारण तो सांगतो की या माणसाला उन्हात जावं लागत नाही. ज्यांनी हजारो वर्षं श्रम दुसऱ्यावर ढकलले, त्यांच्या त्वचेलाच सौंदर्याचं माप ठरवलं गेलं. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला. नाव बदललं, माप बदललं नाही. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. इथे दोघं एकाच दुकानात भागीदार आहेत. एक लाज पुरवतो, दुसरा तिच्यावर इलाज विकतो.

'पण बाबासाहेबच म्हणाले होते ना, नीटनेटकं राहा?'

हा प्रश्न आमच्या तरुण साथींनी विचारला, आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांचा सूट आपल्याला प्यारा आहे. फाटकं नेसून साधेपणा मिरवा, हे त्यांनी आपल्याला कधी सांगितलं नाही. कुणी मुलगी हौसेने लिपस्टिक लावते, केस रंगवते, तर चळवळीच्या नावाने तिला टोकणाऱ्या दादांनी आधी स्वतःचा गॉगल काढावा.

पण महाडला डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी आपल्या आयाबायांना नेमकं काय सांगितलं, ते आठवा. लुगडं अशा रीतीने नेसू नका की जात ओळखू यावी. गळसऱ्यांचे आणि चांदी-कथलाच्या दागिन्यांचे भार उतरवा. दुसऱ्यांनी तुमच्या अंगावर लादलेल्या खुणा तुम्ही फेकून द्या, असा त्याचा अर्थ. तुमचं अंगच खोट आहे, असं त्यांनी म्हटलं नाही. वस्त्र बदलणं आणि स्वतःच्या हाडामासाची लाज वाटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'तू जयभीमवाली वाटत नाहीस गं' हे वाक्य आपल्या किती मुलींना कौतुक म्हणून ऐकावं लागतं! आणि ते ऐकून मनातल्या मनात बरं वाटतं, हे जास्त भयंकर आहे.

दुसऱ्या बाजूने काही उपासक म्हणतात, शरीर अनित्य आहे, जरा येणारच, कशाला एवढा विचार? त्यांनाही एक आठवण देतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नसेल, हे त्यांच्या बुद्धीला पटलं नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेलं भांडण आहे. म्हणजे आपला बुद्ध सुरकुतीला घाबरून निघालेला नाही, अन्यायाचा प्रश्न घेऊन निघालेला आहे. मग त्याच्या लेकी-लेकांनी सुरकुतीला का घाबरावं? आणि अनित्यतेचं प्रवचन देऊन अन्यायावर पांघरूण तरी का घालावं?

तरीही घ्यायचंच असेल तर

शरीर तुमचं, निर्णय तुमचा. फक्त डोळे उघडे ठेवा. बोटुलिनम हे कायद्याने औषध आहे, पार्लरमधली क्रीम नव्हे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टी जाते, आणि तिथे मिनिटांचा हिशोब असतो. हायल्युरॉनिकचं फिलर विरघळवणारं औषध जवळ नसलेल्या माणसाने ती सुई हातात धरूच नये. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये स्वतःच्याच रक्ताचं सुयांनी 'फेशियल' करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलं.

म्हणून डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. कुपी तुमच्यासमोर फोडायला लावा, तिच्यावरचं नाव, बॅच आणि मुदत वाचून फोटो काढा. नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली गुन्हा आहे. आणि आईच्या बचत गटाचं पुस्तक यासाठी काढू नका. एवढं आमचं ऐका.

आता करायचं काय?

एक. आपल्या प्रत्येक परिचय मेळाव्याच्या फॉर्मवरचा 'वर्ण' हा रकाना या वर्षीच काढा. यासाठी सरकार लागत नाही, कोर्ट लागत नाही. समितीची एक बैठक आणि एक पेन पुरे. जे मंडळ काढणार नाही, त्याच्या मेळाव्यात आम्ही उभे राहून विचारू.

दोन. हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. सेरेब्रल पाल्सीच्या लेकरांना आणि पक्षाघाताच्या रुग्णांना बोटुलिनमचा उपचार आणि सोबतची फिजिओथेरपी तिथे मिळते का, किती जणांना मिळाली, मिळत नसेल तर का, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. दहा रुपये आणि तीस दिवस. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम २५ घरच्या उत्पन्नाच्या अटीनुसार जवळपास मोफत आरोग्यसेवा देण्याचं बंधन सरकारवर टाकतं, ते अर्जात लिहा.

तीन. मुलगी बघायला जाल तेव्हा तिच्या गालाकडे बघायच्या आधी तिच्या आईच्या हाताकडे बघा. त्या हातावरच्या भेगांनी तुमच्या ताटातली हळद वेचलेली आहे.

आमच्या त्या बहिणीने परवा अभ्यासवर्गात शेवटचा हप्ता भरल्याची पावती दाखवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "टाळ्या नकोत. तो रकाना कधी काढताय, ते सांगा."

उत्तर आपल्याला द्यायचं आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!