टूल फुकट मिळतं, पारख नाही

फायनल इयर प्रोजेक्टचा सीझन सुरू झाला की प्रत्येक ग्रुपमध्ये एकच प्रश्न फिरतो : 'कुठलं टूल घेतलंस?' उत्तरंही ठरलेली असतात. सीनियरने वापरलं होतं म्हणून, व्हिडिओ ट्युटोरियल सापडलं म्हणून, नाहीतर रेडीमेड प्रोजेक्ट विकणाऱ्याने तेच दिलं म्हणून. 'हे टूल तुझ्या कामाचं आहे हे कशावरून ठरवलंस?' हा प्रश्न थेट व्हायव्हात एक्स्टर्नल विचारतात. तोवर स्पायरल बाइंडिंगसुद्धा झालेलं असतं!

मी मास कॉमची विद्यार्थिनी, त्यामुळे कोडिंगवर लेक्चर देणार नाही. पण आमच्याकडे एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात, तपासल्याशिवाय छापायचं नाही. टूल निवडतानाही हाच नियम लावा, एवढंच माझं म्हणणं. उदाहरणादाखल आपण एक्स्पर्ट सिस्टिम घेऊ.

तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात एक काका किंवा मॅडम असतीलच. कुठल्या फॉर्मला कुठला दाखला लागतो, एटीकेटी असेल तर पुढे काय, गॅप असेल तर कुठलं अ‍ॅफिडेव्हिट, सगळं तोंडपाठ. ते रजेवर गेले की खिडकीबाहेरची रांग हलत नाही. त्यांच्या डोक्यातलं ज्ञान 'जर असं असेल, तर तसं कर' अशा नियमांत लिहून कॉम्प्युटरला दिलं, की झाली एक्स्पर्ट सिस्टिम. हे नियम चालवणारं, पण आतून रिकामं असलेलं सॉफ्टवेअर म्हणजे शेल. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात रक्तातल्या जंतुसंसर्गावर सल्ला देणारी 'मायसिन' नावाची सिस्टिम तयार झाली. पुढे तिच्यातलं वैद्यकीय ज्ञान काढून उरलेल्या सांगाड्याचं टूल बनवलं गेलं. त्याचं नावच 'एम्प्टी मायसिन', म्हणजे 'ईमायसिन'!

आता टूल मिळवायचं कुठून? एके काळी हाच मोठा अडथळा होता. अगदी 'नासा'लासुद्धा. ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये १९८४ पर्यंत डझनाहून जास्त एक्स्पर्ट सिस्टिमचे नमुने तयार झाले होते, पण रोजच्या वापरात त्यातले फारच थोडे आले. कारण ती टूल्स लिस्प भाषेवर चालायची. साध्या कॉम्प्युटरवर लिस्प सहज मिळत नसे, टूल आणि हार्डवेअर दोन्ही महाग, आणि इतर भाषांतल्या प्रोग्रॅमशी जोडणीही धड होत नसे. शेवटी तिथल्या लोकांनी १९८५ मध्ये स्वतःच सी भाषेत टूल लिहायला घेतलं. पहिला नमुना दोन महिन्यांहून थोड्या जास्त काळात तयार झाला. तेच 'क्लिप्स'. आज ते तुम्हाला फुकट डाउनलोड करता येतं, मॅन्युअलसकट. ज्यासाठी 'नासा' अडून बसली होती, ते तुम्हाला हॉस्टेलच्या वायफायवर मिळतं.

आणि नेमकी इथेच गडबड होते. पैसे मोजायचे असते, तर आपण दहा जणांना विचारलं असतं. फुकट आहे म्हटल्यावर डाउनलोड, इन्स्टॉल आणि थेट रिपोर्टमध्ये नाव! म्हणून माझा आग्रह आहे, की कोड लिहिण्याआधी एक आठवडा फक्त टूल पारखायला द्या.

काय बघायचं? आधी लायसन्स वाचा. पुढे कॉलेजला ते खरोखर वापरायचं असेल तर चालेल का? ते तुमच्या साध्या लॅपटॉपवर आणि लॅबमधल्या जुन्या मशीनवर चालतं का? मराठी अक्षरं नीट दिसतात का? मग बघा ते विचार कुठल्या दिशेने करतं. क्लिप्स मुळात माहितीकडून निष्कर्षाकडे जातं. प्रोलॉग प्रश्नाकडून मागे येत पुरावे शोधतं. 'या मुलीला कोणकोणते फॉर्म भरावे लागतील?' आणि 'ही मुलगी या सवलतीला पात्र आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यामुळे टूलही वेगळं लागू शकतं. एसडब्ल्यूआय प्रोलॉगही फुकटच आहे. दोन्हींत तेच दहा नियम लिहून बघा, फरक तासाभरात कळेल.

सगळ्यात महत्त्वाचं, टूल 'का?' या प्रश्नाला उत्तर देतं का? मायसिनला डॉक्टर मध्येच विचारू शकत होते, 'हा प्रश्न मला का विचारतेस?' आणि ती कुठला नियम तपासतेय ते सांगायची. क्लिप्समध्ये कुठला नियम कधी चालला हे बघता येतं, पण माणसाला समजेल असं स्पष्टीकरण तुम्हालाच लिहावं लागतं. हे आठवडाभर आधी कळलेलं बरं, सबमिशनच्या आदल्या रात्री नको.

आणि शेवटची परीक्षा मायसिनकडूनच उसनी घ्या. १९७९ मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध झाले. मेनिंजायटिसच्या दहा केसेसवर मायसिनचे आणि डॉक्टरांचे सल्ले बाहेरच्या तज्ज्ञांपुढे ठेवले होते. कुठला सल्ला मशीनचा, हे तज्ज्ञांना माहीत नव्हतं. मायसिन अनुभवी डॉक्टरांच्या तोडीस तोड ठरली. तरीही ती दवाखान्यात रोजच्या वापरात कधीच आली नाही. म्हणजे हुशारी सिद्ध होणं वेगळं आणि कामाला येणं वेगळं.

तुम्हीही करून बघा. दहा खऱ्यासारखे प्रश्न काढा. ऑफिसातल्या काकांची, एखाद्या ज्युनियरची आणि तुमच्या प्रोग्रॅमची उत्तरं नावं न टाकता दुसऱ्या अनुभवी क्लार्कना दाखवा. मग रांगेतल्या एखाद्या मुलाला ते एकट्याने वापरायला द्या.

कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, चॅटबॉटला विचारू की! विचारा जरूर, पण हीच चाळणी त्यालाही लावा. उत्तर छान भाषेत आलं म्हणून बरोबर ठरत नाही. चुकीच्या उत्तरावर विसंबून एखाद्या मुलीने चुकीचा दाखला जोडला आणि तिची स्कॉलरशिप हुकली, तर भुर्दंड तिला पडतो, टूलला नाही.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे : प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'हेच टूल का' यासाठी एक पान आणि त्याला वेगळे मार्क ठेवा. आणि दोस्तांनो, मार्क नसले तरी ते पान लिहा. उद्या कंपनीत, बँकेत किंवा आमच्यासारख्या न्यूजरूममध्ये कुणीतरी नवं टूल पुढ्यात ठेवून विचारेल, 'घेऊ या का?' त्या वेळी काय तपासायचं, हे तुम्हाला माहीत असेल.