पाटीआधी मूठभर दाणे

तीन वर्षांच्या पोराला लगेच पाटी-पेन्सिल द्यायचा हट्ट सोडा. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातली बालवाडी सुरू केली. पुढे त्या व अनुताई वाघ ती आदिवासी पाड्यांच्या अंगणात घेऊन गेल्या; शिंपले, बिया, माती हीच साधनं. अंगणवाडीची कल्पना तिथली.

आपल्या पैठण-कन्नडकडं तूर, मका, हरभरा घरोघर आहे. पोर दाणे निवडतं, मोजतं; त्यातून आकडा कळतो अन् लिहिण्यासाठी बोटांत पकड येते. मात्र औषध लावलेलं बियाणं नको, आणि दाणे नाका-तोंडात जाऊ नयेत म्हणून सेविकाताई समोरच हव्यात.

भिंत रंगली म्हणून पोर शिकत नाही. ग्रामपंचायतीनं महिला-बालकल्याणाच्या 10 टक्के निधीतून आधी सतरंज्या, डबे घ्यावेत. पसाभर धान्य आपण देऊ.