आयते चित्र, आयते नाव

घरगुती उद्योगांना आज बाजारपेठेचे दार घरबसल्या उघडले आहे. मसाले व लोणची तयार करणारी गृहिणी असो, शिकवणी चालविणारा शिक्षक असो, की एखाद्या वाचनालयाचा चिटणीस असो, आपले एखादे संकेतस्थळ असावे असे प्रत्येकास वाटू लागले आहे. संकेतस्थळ म्हटले की त्यावर चित्रे हवीत आणि त्याला लोकांच्या ओठी सहज बसेल असे नावही हवे. या दोन्ही गोष्टी हाताशी असल्यासारख्या भासतात. शोधयंत्राला एक शब्द पुरविला, की शेकडो छायाचित्रे पडद्यावर उभी राहतात. त्यांतील एक उचलून घ्यावयास ना कात्री लागते, ना पैसा. मुंग्यांनी कष्टाने वारूळ उभारावे आणि नागोबाने त्यात आयते येऊन राहावे, ही म्हण आपण नेहमी दुसऱ्यास उद्देशून वापरतो. परंतु परक्याचे चित्र वा परक्याची कीर्ती विनापरवाना आपल्या पानावर आणणाराही त्याच म्हणीत बसतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

या विषयाचे मर्म एका शब्दात दडलेले आहे. 'कॉपीराइट' या इंग्रजी शब्दास मराठीत 'प्रताधिकार' असा प्रतिशब्द आहे. प्रताधिकार म्हणजे प्रती काढण्याचा अधिकार. वस्तू आपल्या मालकीची असणे निराळे आणि तिच्या प्रती काढण्याचा अधिकार आपणाकडे असणे निराळे. दिवाळी अंक विकत घेतला म्हणजे त्याच्या मुखपृष्ठावरील चित्र आपल्या संकेतस्थळावर छापण्याचा हक्क विकत घेतला, असे होत नाही. मग जे चित्र आपण विकतही घेतले नाही, केवळ पाहिले, त्याची गोष्ट तर दूरच राहिली.

आपल्या देशात हा विषय १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने नियंत्रित होतो. चित्र, रेखाटन, नकाशा व छायाचित्र या सर्वांस या कायद्याचे संरक्षण आहे. हे संरक्षण कलाकृती निर्माण होताच आपोआप लाभते. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि चित्राखाली वर्तुळातील 'सी' हे अक्षर असलेच पाहिजे असेही नाही. यास्तव 'चित्रावर कोणाचे नाव नव्हते, म्हणून घेतले' ही सबब टिकत नाही. २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलाकृती इलेक्ट्रॉनिक साधनाने साठवून ठेवणे हीदेखील तिची प्रत काढणेच मानले जाते.

या हक्काची मुदत कलावंताच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे इतकी आहे. एक-दोन परिचित उदाहरणे घेऊ. चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील प्रताधिकार आता संपुष्टात आला आहे. दीनानाथ दलाल यांचे निधन १९७१ साली झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील हक्क २०३१ च्या अखेरपर्यंत राहील. पौराणिक चित्रांसाठी ख्यातनाम असलेले एस. एम. पंडित १९९३ साली गेले. त्यांच्या अशा चित्रांची मुदत २०५३ पर्यंत आहे. चित्र जुने दिसते, कागद पिवळा पडला आहे, एवढ्यावरून ते सर्वांचे झाले असे समजणे धोक्याचे होय.

याविषयी काही गैरसमज फार रूढ आहेत. पहिला असा, की चित्रकाराचे नाव खाली दिले म्हणजे झाले. नाव देणे हा सौजन्याचा भाग खरा, पण त्याने परवानगीची जागा भरून निघत नाही. दुसरा असा, की रंग बदलला वा कडा कापल्या म्हणजे चित्र नवे होते. वास्तविक अशाने दोष वाढण्याचाच संभव अधिक, कारण आपल्या कृतीची प्रतिष्ठेस बाधक अशी मोडतोड झाल्यास तिला हरकत घेण्याचा हक्क कायद्याने कलावंतास स्वतंत्रपणे दिला आहे, व कृती विकल्यानंतरही तो त्याच्यापाशी राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांचा हा हक्क मान्य केला. शिल्पाचे अवशेष त्यांना परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम झाला. प्रतिवादी होते प्रत्यक्ष केंद्र सरकार! तिसरा गैरसमज असा, की सरकारी खात्यांची छायाचित्रे म्हणजे जनतेची मालमत्ता. सरकारी कृतींवरही प्रसिद्धीपासून साठ वर्षे प्रताधिकार असतो. तेव्हा त्या त्या खात्याने पुनर्मुद्रणाच्या कोणत्या अटी घातल्या आहेत, ते आधी वाचून पाहावे.

कायदा नुसता नाही म्हणत नाही. खाजगी अभ्यास व संशोधन, ग्रंथाचे वा चित्राचे परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त आणि वर्गातील अध्यापन यांसाठी वाजवी प्रमाणात वापर करण्यास त्याने मुभा ठेवली आहे. मात्र मसाल्याच्या जाहिरातीस 'परीक्षण' म्हणता येत नाही, याचे भान असावे. अनेक छायाचित्रकार आपली चित्रे 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाच्या खुल्या परवान्याखाली स्वखुशीने सर्वांस उपलब्ध करून देतात. या परवान्यांचेही प्रकार आहेत. कोणी केवळ नामनिर्देश मागतो, कोणी व्यापारी वापरास मनाई करतो, तर कोणी चित्रात बदल करू देत नाही. विनामूल्य याचा अर्थ विनाअट असा नव्हे.

सर्वांत निर्वेध मार्ग म्हणजे आपली चित्रे आपण काढावीत अथवा मोबदला देऊन काढवून घ्यावीत. मोबदला देऊन सांगून काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक, उलट करार नसेल तर, काढवून घेणाराच असतो. असे असले तरी चार ओळींचा लेखी करार करून ठेवणे हितावह होय.

आता नावाकडे वळू. व्यापारचिन्ह ही व्यापाऱ्याची सही आहे. ती पाहून ग्राहक माल कोणाचा हे ओळखतो व विश्वास ठेवतो. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा, जो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, या विश्वासाचे रक्षण करतो. चिन्ह नोंदलेले नसले, तरी आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते. संकेतस्थळाच्या नावासही हेच तत्त्व लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली. पुढे २००४ साली 'सत्यम इन्फोवे'च्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानेच या प्रश्नाचा निर्णय दिला. 'सिफी' हे नाव त्या कंपनीने रूढ केले होते आणि प्रतिपक्षाने इंग्रजी 'एफ' हे अक्षर दोनदा घालून तसेच नाव घेतले होते. आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची ही आद्याक्षरे आहेत, असा त्यांचा खुलासा होता. न्यायालयास तो पटला नाही. एखादे अक्षर इकडेतिकडे केले म्हणजे नाव आपले होते, हा समज या निकालाने दूर व्हावा.

नावाजलेल्या चिन्हांचे क्षेत्र तर त्यांच्या मालापुरतेही मर्यादित नसते. 'बेन्झ' हे मोटारींचे नाव अंतर्वस्त्रांसाठी वापरणाऱ्या उत्पादकास दिल्ली उच्च न्यायालयाने १९९३ साली मनाई केली. इमारतीचे रूपही चिन्ह होऊ शकते. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलचे बाह्य स्वरूप २०१७ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. इमारतीचे छायाचित्र काढण्यास प्रताधिकार कायद्याची आडकाठी नाही, पण तेच रूप आपल्या मालाची खूण म्हणून मिरविणे ही वेगळी बाब आहे.

मग दुसऱ्याचे नाव उच्चारूच नये काय? तसे नाही. मिक्सर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने 'अमुक कंपनीचे मिक्सर येथे दुरुस्त होतात' असे साध्या अक्षरांत प्रामाणिकपणे लिहिण्यास प्रत्यवाय नाही. परंतु त्याने त्या कंपनीचे बोधचिन्ह पानाच्या शिरोभागी मोठे करून लावले आणि अधिकार नसता 'अधिकृत केंद्र' असा शब्द जोडला, तर ग्राहकाची फसगत होते व कायद्याचा भंगही होतो.

येथे एका जुन्या कायद्याचीही आठवण ठेवावी. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्यान्वये छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आदींचे नाव वा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीवाचून व्यापारासाठी वापरण्यास बंदी आहे. चित्रावरील प्रताधिकार संपला असला तरी ही बंदी उरतेच. आदरापोटी लावलेले चित्र मालाच्या जाहिरातीचा भाग बनले, की आदराची सबब पुरत नाही.

या साऱ्याकडे कानाडोळा केल्यास काय होते? न्यायालय मनाई हुकूम काढू शकते, नुकसानभरपाई व मिळालेला नफा देण्यास सांगू शकते. हक्कदारास स्वतः राहतो वा व्यवसाय करतो तेथील न्यायालयात, काही मर्यादांसह, दावा लावण्याची सोय असल्यामुळे नागपूरच्या गृहिणीस दिल्लीस हेलपाटे घालण्याची पाळी येऊ शकते. जाणूनबुजून केलेला प्रताधिकारभंग हा फौजदारी गुन्हाही आहे. त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल, तर न्यायालय कारणे नमूद करून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. शिवाय छापलेली वेष्टने, पाट्या आणि ग्राहकांच्या तोंडी बसलेले नाव एका दिवसात टाकून द्यावे लागते. लहान उद्योगास हाच घाव अधिक जिव्हारी लागतो.

तथापि नोटीस आली म्हणून गर्भगळित होऊ नये, आणि ती केराच्या टोपलीतही टाकू नये. वादग्रस्त चित्र प्रथम उतरवावे. ते कोठून व केव्हा घेतले याचा पुरावा जपून ठेवावा. पत्र पाठविणारा खरोखर हक्कदार आहे काय, याची विचारणा करावी आणि पैसे देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. प्रताधिकार असल्याची आपणास माहिती नव्हती व तसे मानण्यास वाजवी कारणही नव्हते, असे सिद्ध झाल्यास भरपाईबाबत कायदा काहीशी सवलत देतो. पण ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असतो.

याउलट हाच कायदा आपलेही छत्र आहे. व्यापारचिन्हांची नोंदवही ऑनलाइन विनामूल्य पाहता येते. संकेतस्थळाचे नाव निश्चित करण्यापूर्वी ती पाहावी. माल व सेवा यांचे एकूण ४५ वर्ग असून मसाले तिसाव्या वर्गात येतात. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास २०१७ च्या नियमांनुसार प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क पडते. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे तिचे नूतनीकरण होते. उद्या आपल्या मसाल्याचे नाव दुसऱ्याने लावले, तर हीच नोंद आपल्या उपयोगी पडेल.

म्हणून घरातील तरुण मुलगा वा भाची हौसेने संकेतस्थळ तयार करून देत असेल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी कौतुकाबरोबर तीन प्रश्नही विचारावेत. हे चित्र कोणाचे? परवानगी कोणती व ती लेखी आहे काय? आणि हे नाव पाहून ग्राहकास दुसऱ्या कोणाचा भास तर होत नाही ना? या प्रश्नांची उत्तरे एका वहीत, चित्राच्या उगमासह व तारखेसह, लिहून ठेवावीत. आपण केलेल्या मसाल्याचा डबा कोणी न विचारता उचलून नेला तर आपणास जे वाटेल, तेच छायाचित्रकारास त्याच्या चित्राविषयी वाटते. कायद्याची कलमे विसरली तरी चालतील. एवढी जाणीव राहिली, तर वकिलाच्या दारी जाण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.