कागदाचं बिल आणि बातमीची किंमत

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने मला एक आलेख दाखवला. न्यूजप्रिंटच्या, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या, वार्षिक आयात मूल्याचा. ब्रिटनची रेषा वर्षानुवर्षं उतरत गेलेली. फिनलंडची आधी जमिनीलगत आणि 2020 नंतर वर उठलेली. "बघ, इथे पेपर संपले, तिकडे लोक पुन्हा वाचायला लागले," तो म्हणाला. मी इथे इंग्लंडात डेटाचंच काम करतो. त्यामुळे गप्प बसवेना.

फिनलंडात खरं तर उलट घडलं. जगाला कागद पुरवणाऱ्या या देशातली न्यूजप्रिंटची शेवटची मिल, कैपोलाची, 2020 अखेर बंद झाली. छापील खप घटतच होता; पण उरलेल्या अंकांसाठीही कागद बाहेरून आणणं भाग पडलं. म्हणून आयात वाढली. ब्रिटनमध्येही मिल बंद पडल्या. केंटमधली एल्सफर्डची मिल रद्दीपासून न्यूजप्रिंट बनवायची, ती 2015 मध्ये गेली. तरी आयात वाढली नाही, कारण छपाईच आटत गेली. 'इंडिपेंडंट'ने तर 2016 मध्ये छापील अंक थांबवला.

शिवाय मूल्य म्हणजे वजन नव्हे. 2022 मध्ये युरोपात विजेचे दर भडकले आणि कागद महागला. अशा वर्षी कमी टन आणूनही बिल फुगतं. 2016 च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर पौंड घसरला. मग तोच व्यवहार पौंडात एक गोष्ट सांगतो आणि डॉलरमध्ये दुसरी. टन, भाव आणि विनिमय दर वेगळे केल्याशिवाय त्या रेषेवरून निष्कर्ष काढू नये.

वर्तमानपत्राची तब्येत कळते ती वाचक पैसे मोजतो का, यावरून. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या अलीकडच्या पाहण्यांत ऑनलाइन बातम्यांसाठी पैसे देणारे फिनलंडात साधारण पाचात एक आहेत, ब्रिटनमध्ये जेमतेम दहात एक. फिनलंडची लोकसंख्या 60 लाखांच्या आत. मराठी मातृभाषा असणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटींच्या वर!

आता आपल्याकडे बघू. भारताला लागणारा निम्म्याहून अधिक न्यूजप्रिंट आयात होतो. 2019 च्या अर्थसंकल्पात त्यावर 10 टक्के सीमाशुल्क लागलं, 2020 मध्ये ते 5 टक्क्यांवर आलं. गावी आपले आईवडील महिन्याच्या महिन्याला पेपरवाल्याचं बिल भागवतात, त्यात हा सगळा भार थोडाफार असतोच. आपण परदेशात हाच पेपर स्क्रीनवर वाचतो. कागद लागत नाही, जहाज लागत नाही. पण तालुक्याला जाऊन बातमी आणणाऱ्या माणसाचा पगार लागतोच.

कबूल करतो, मीही दोन वर्षं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारी पीडीएफ फुकट वाचत होतो. बाबा रद्दी विकून का होईना, चार पैसे परत मिळवत, पण आधी पेपर विकत घेत. मी तेवढंही करत नव्हतो. या दिवाळीपासून वर्गणी भरतो आहे; इथल्या दोन-चार कॉफींचा खर्च. पीडीएफ पुढे ढकलण्याआधी तुम्हीही एवढा हिशेब करून बघा. कागदावाचून मराठी पेपर जगेल. वर्गणीदारांवाचून मात्र नाही.